सोलापुरात बसून पर्यावरण आणि स्त्रीवादावर प्रबंध कसा लिहावा

दरवर्षी तत्त्वज्ञानाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची कुणीतरी मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहते. “मॅडम, पर्यावरण आणि स्त्रीवाद हा विषय घेऊ का?” मी विचारते, “त्यात काय म्हणायचंय तुला?” उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. बाई निसर्गासारखी असते, दोघी जन्म देतात, दोघींचं शोषण होतं. मी तिला बसवते, माठातलं पाणी देते आणि म्हणते, तू आत्ता तीन विधानं केलीस. तिसरं आपल्या कामाचं आहे. पण पहिल्या दोनांमधून ते निघतं कसं, ते मला फळ्यावर करून दाखव.

फळ्यापाशी गेलं की पंचाईत होते. खरं काम तिथून सुरू होतं. माझ्या हाताखाली प्रबंध करणाऱ्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहून ठेवतेय. ज्यांना मार्गदर्शक मिळालाय पण भेटत नाही, त्यांनाही उपयोगी पडेल.

आधी माझी फजिती सांगते. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती तेव्हा मी याच विषयावर बावीस पानी निबंध लिहिला. नदी माता, भूमी माता, बाई माता, सगळ्या माता एका रांगेत. मोठ्या हौसेने एका नियतकालिकाकडे पाठवला. चार महिन्यांनी परत आला. शेवटच्या पानावर परीक्षकाने पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘भावना पोचल्या. युक्तिवाद कुठे आहे?’ पंधरा दिवस मी त्या न पाहिलेल्या माणसावर चिडून होते. मग निबंध काढून पुन्हा वाचला. युक्तिवाद खरोखरच नव्हता.

विषय घरातच सापडेल, शोधा

माझी अम्मा बिड्या वळायची. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडील यंत्रमागावर, अम्मा सूप मांडीवर घेऊन दारात. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. ओल्या पानांचा तो तुरट वास अजून माझ्या नाकात आहे.

पीएच.डी.चं काम अडलं होतं तेव्हाची गोष्ट. मी टेबलावर पुस्तकं पसरून बसलेली, अम्मा बाजूला पानं कापत. तिने विचारलं, “काय लिहायलीस एवढं?” मी म्हटलं, जंगल आणि बायका. ती म्हणाली, “जंगल मी बघितलं नाही. पण पान हातात आलं की चांगल्या जंगलाचं आहे का वाईट, ते कळतं.” आणि तिने मला दोन पानं दिली, बोटांनी चाचपायला. एक मऊ, वळलं तर वळणारं. दुसरं शिरांचं, दुमडलं की चरकन फाटणारं. मला दोन्ही सारखीच वाटली.

त्या पानावर माझं एक पूर्ण प्रकरण उभं राहिलं. ते पान तेंदूचं. विदर्भ, छत्तीसगड, तेलंगणाच्या जंगलांतून एप्रिल-मेच्या उन्हात तोडलेलं. तोडणाऱ्यांत आणि त्याचे पुडे बांधणाऱ्यांत आदिवासी बायका मोठ्या संख्येने. इथे येऊन ते कापणाऱ्या, तंबाखू भरून वळणाऱ्या, दोरा गुंडाळणाऱ्या पुन्हा बायकाच. या दोघी एकमेकींना कधी भेटत नाहीत. मधे ठेकेदार, गोदाम, कारखाना. हजार बिड्यांचा हिशोब होतो, त्यात छाट म्हणून काढलेल्या बिड्यांची मजुरी बुडते, पान कमी पडलं तर पदरचं घालावं लागतं. आणि तंबाखूची धूळ घरातच, पाळण्याशेजारी.

आता हे सगळं ‘स्त्री म्हणजे निसर्ग’ या वाक्यात बसवून बघा. बसत नाही. जंगलातल्या बाईला पानाचा हंगाम हवा असतो, कारण वर्षातली रोख रक्कम त्यातून येते. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा तेंदूपानांची विक्री स्वतःच करू लागल्या. तिथे प्रश्न मालकीचा आणि भावाचा आहे. माझ्या अम्माला कारखाना बंद व्हायला नको होता, तिला मजुरी वाढवून हवी होती. आणि जो बिडी ओढतो त्याची फुप्फुसं? तीही या साखळीत आहेतच. ‘बाई निसर्गाची राखणदार’ म्हणणाऱ्या सिद्धान्ताला अम्माच्या सुपात जागा मिळेना, आणि मला बरं वाटलं. जो सिद्धान्त हातातल्या वस्तूपाशी अडखळतो, त्यावर लिहायला काहीतरी असतं.

तर पहिली पायरी ही. अशी एक वस्तू निवडा जी तुमच्या घरात आहे आणि जिच्यापाठीमागे जमीन, पाणी किंवा झाड आहे. चादर, ज्वारी, ऊस, पाण्याचं बॅरल, काहीही. मग ती कुठून आली, कुणाच्या हातातून आली, कुठे गेली, हे चार-पाच पानं लिहून काढा. सिद्धान्ताचं नावसुद्धा घेऊ नका. ही पानं पुढे प्रबंधात जातील की नाही, ते नंतर ठरवू.

वाचायचं कसं

विषयाचा इतिहास एका परिच्छेदात उरका. ‘इको-फेमिनिझम’ म्हणजे पर्यावरणीय स्त्रीवाद, हा शब्द फ्रान्स्वाज दोबोन या फ्रेंच लेखिकेने १९७४ साली वापरला. त्याच वर्षी २६ मार्चला गढवालमधल्या रेणी गावात गौरा देवी आणि तिच्या सोबतच्या बायका झाडं तोडायला आलेल्यांना आडव्या गेल्या. दोघींना एकमेकींची खबर नव्हती. एवढं पुरे. मुलं इथेच वीस पानं घालवतात आणि परीक्षक ती उलटून टाकतात.

पुस्तकापासून सुरुवात करू नका, एका लेखापासून करा. मी कॅरन वॉरन यांच्या १९९० सालच्या लेखापासून करायला लावते. वॉरन अमेरिकेत मिनेसोटातल्या मॅकॅलेस्टर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या, २०२० साली वारल्या. लेख ‘एन्व्हायर्न्मेंटल एथिक्स’ या नियतकालिकातला, पंचवीसेक पानांचा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर रोज एकच पान. महिन्याभरात संपतो, हिशोब करा. मराठी माध्यमातून आलेल्यांना मी मुद्दाम सांगते की सावकाश वाचणाऱ्याला तत्त्वज्ञान जास्त कळतं. भराभर वाचणारे ‘म्हणून’ गिळून पुढे जातात.

त्या लेखाचा कणा म्हणजे एक छोटा युक्तिवाद. वॉरन यांना तो मान्य नाही, जगात तो कसा चालतो हे त्या उलगडून दाखवतात. वहीत असा उतरवून घ्या. एक, माणसाला आपला समाज जाणीवपूर्वक बदलता येतो, झाडांना आणि दगडांना येत नाही. दोन, ज्याच्याकडे ही क्षमता तो नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ. तीन, म्हणून माणूस झाडा-दगडांहून श्रेष्ठ. चार, जो श्रेष्ठ आहे त्याने कनिष्ठाला ताब्यात ठेवणं योग्यच. पाच, म्हणून माणसाने झाडा-दगडांना ताब्यात ठेवणं योग्य.

वर्गात मी विचारते, यातलं कुठलं नाकाराल? हात बहुतेक दुसऱ्या विधानावर वर होतात. मुंग्यांचं वारूळ, मधमाश्यांचं पोळं अशी उदाहरणं येतात, अर्धा तास मजेत जातो. वॉरन यांचं म्हणणं असं की पहिली तीन विधानं वादापुरती मान्य केलीत तरी चालेल. खरी मेख चौथ्यात आहे. श्रेष्ठ असण्यातून ताब्यात ठेवण्याचा परवाना निघत नाही. थोरला भाऊ धाकट्या बहिणीपेक्षा जास्त शिकलेला असेलही. म्हणून शेत एकट्याच्या नावावर का? चौथ्या विधानाला वॉरन ‘वर्चस्वाचं तर्कशास्त्र’ म्हणतात. बाईला पुरुषाखाली ठेवणाऱ्या युक्तिवादातही तेच चौथं विधान, आणि निसर्गाला माणसाखाली ठेवणाऱ्यातही तेच. स्त्रीवादाचा आणि पर्यावरणाचा सांधा इथे आहे. गर्भाशयात नाही.

हे एकदा पक्कं झालं की एक सराव करा. लाल पेन घ्या आणि पंधरा दिवस जे वाचाल त्यातल्या प्रत्येक ‘म्हणून’खाली रेघ ओढा. कारखान्याच्या अध्यक्षांचं वार्षिक सभेतलं भाषण असो, जाहीरनामा असो की एखाद्या तत्त्वज्ञाचं पान. ‘ऊस नगदी पीक आहे, म्हणून उजनीचं पाणी आधी उसाला.’ थांबा. मधलं विधान कुठे गेलं? ज्याला पैसा जास्त मिळतो त्याचा पाण्यावर हक्क आधी, हे कुणी कबूल केलं? ते न बोललेलं विधान शोधून वहीत लिहिणं, आमच्या धंद्यातलं निम्मं काम हेच.

वॉरन यांच्या लेखात त्यांनी खडक चढल्याची हकीकत सांगितली आहे. आधी जिंकायचा म्हणून चढल्या. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून हाताने खडक चाचपला, तेव्हा त्याच्याशी असलेलं नातं बदललं. अशा पाहण्याला त्या ‘प्रेमाने पाहणं’ म्हणतात. तत्त्वज्ञानाच्या लेखात ‘मी’ चालतो, हे दाखवायला मी हा भाग वाचून घेते. एका वर्षी वडार समाजातली एक मुलगी ऐकत होती, ती हसली. म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं दगड चढत नाहीत, फोडतात. आज्जीला दगडाची शीर कळायची. कुठं घाव घातला की सरळ फुटंल ते.” वर्ग हसला, पण मी त्या मुलीला सांगितलं की हा तुझा प्रबंध. हौसेने दगडाला हात लावणाऱ्या बाईला जे कळलं आणि पोटासाठी घाव घालणाऱ्या बाईला जे कळलं, त्यातलं कुठलं ‘प्रेमाने पाहणं’ ठरतं? वॉरन यांची व्याख्या आज्जीला सामावून घेते का? तिने दीडशे पानं लिहिली. परीक्षकांनी वीस मिनिटं फक्त त्या शिरेवर विचारलं.

शब्द नेमताना

दुसरं नाव व्हॅल प्लमवुड. ऑस्ट्रेलियाच्या तत्त्वज्ञ. १९८५च्या फेब्रुवारीत काकाडूच्या पाणथळीत एकट्याच होडीतून जात असताना सुसरीने धरलं, पाण्याखाली तीनदा घुसळलं, तरी वाचल्या. आपण कुणाचं तरी भक्ष्य असू शकतो हा त्यांचा पुढचा विचार पुस्तकातून आलेला नव्हता. १९९३च्या त्यांच्या पुस्तकात ‘ड्युअॅलिझम’ची चिकित्सा आहे, आणि इथेच मराठीत लिहिणाऱ्याची गाडी रुळावरून घसरते.

कोशात पाहिलं तर प्रतिशब्द मिळतो द्वैत. माझ्या एका विद्यार्थ्याने दोनशे वेळा ‘द्वैतवादाचा धिक्कार’ लिहिला. तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक शांतपणे म्हणाले, “मध्वाचार्यांवर तुमचा एवढा राग का?” मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे. चूक माझीच. कर्नाटकाच्या वेशीवरच्या गावात द्वैत म्हटल्यावर आधी द्वैत वेदान्त मांडणाऱ्या मध्वांचे पंचभेदच आठवणार. मध्व भेद खरे मानतात, आणि प्लमवुडनाही फरक असण्याचं वावडं नाही. त्यांचा आक्षेप असा की दोन बाजू करायच्या, एकीला सगळं मोल द्यायचं, आणि जिच्यावर उभं राहायचं तिलाच नाकारायचं. तेव्हापासून मी ‘दुफळी’ शब्द वापरते. घराची, गावाची दुफळी होते तेव्हा नुसते दोन भाग पडत नाहीत, एक भाग दुसऱ्याचं देणं विसरतो. तुम्हाला दुसरा शब्द सुचला तर जरूर वापरा, पण पहिल्याच प्रकरणात तो का निवडला याची अर्धं पान कैफियत द्या.

दुफळीची पाच लक्षणं प्लमवुड सांगतात. त्यातलं एक, आधार देणाऱ्याला पार्श्वभूमीत ढकलणं, सोलापुरात शिकवायला अजिबात कष्ट पडत नाहीत. काही दिवसांआड नळाला पाणी येतं. उजनीतून भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात येतं, तिथून टाकळीला उपसतात, मग शहरात. या सगळ्याची बातमी छापून येते, धरण किती टक्के भरलं ते येतं. रात्री दोनला चावीवाला येऊन गेल्यावर बॅरल, घागरी, पातेली भरून ठेवणारी बाई, तिच्या नोकरीवरची दुसऱ्या दिवशीची डुलकी, हे कुठल्याही टक्क्यात मोजलं जात नाही. शहर तिच्यावर चालतं, आणि चालतं म्हणूनच ती दिसत नाही. नदीचंही तसंच.

मग प्रकृती-पुरुष. हा मुद्दा कुणीतरी काढतंच. “आपल्या परंपरेत निसर्गाला मान आहे, प्रकृती स्त्रीलिंगी आहे.” पर्यावरणवादी लेखिका वंदना शिवा यांनीही १९८८च्या पुस्तकात बाई आणि निसर्ग यांना जोडताना प्रकृतीच्या कल्पनेचा आधार घेतलाय, त्यामुळे विद्यार्थ्यांना बळ येतं. मी सांख्यकारिका, म्हणजे सांख्य दर्शनाचा जुना ग्रंथ, उघडायला सांगते. तिथे सगळं काम प्रकृती करते, पुरुष नुसता पाहतो. वासरासाठी गाईचं अचेतन दूध वाहावं तशी ती पुरुषाच्या मोक्षासाठी वाहते. नर्तकीने रंगमंचावर नाच दाखवून निवृत्त व्हावं तशी ती निवृत्त होते. तिच्या राबण्याचं प्रयोजन तिच्याजवळ नाही, दुसऱ्याजवळ आहे. प्लमवुडच्या पाच लक्षणांत दुसऱ्याला साधन बनवणं हेही एक आहे. बसतंय का बघा. काही अंशी बसतं, काही अंशी नाही, कारण सांख्यात कर्तृत्व प्रकृतीकडे आहे आणि पाश्चात्त्य दुफळीत निसर्ग मुका, निष्क्रिय मानलेला. हा ‘काही अंशी’ नीट मांडला तर मराठीत लिहिण्याचं सार्थक झालं. संस्कृत येत नसेल तर भाषांतर चालेल, दोन भाषांतरं समोर ठेवा.

भांडण वाचा, आणि त्यात उतरा

बीना अगरवाल यांचा १९९२चा लेख वाचल्याशिवाय मी प्रबंधाला सही देत नाही. त्या अर्थशास्त्रज्ञ. शिवांच्या मांडणीवर त्यांचा आक्षेप असा की ‘बाई’ म्हणजे एकच बाई नव्हे. जात, वर्ग, जमीन, कामाची वाटणी यावरून बाईचं निसर्गाशी नातं ठरतं. सरपण आणायला जिला जावं लागतं तिला जंगल तुटल्याचं आधी कळतं, तिच्या स्वभावात काही गूढ आहे म्हणून नव्हे. १९९४ साली दक्षिण आशियातल्या बायकांच्या जमीनहक्कावर त्यांचं मोठं पुस्तक आलं. मराठीतून वाचायचं तर छाया दातार यांनी या वादावर लिहिलंय, ते शोधा.

मी अगरवालांच्या बाजूची, लपवत नाही. कारण सातबारा. आमच्या जिल्ह्यात शेतीला काळी आई म्हणतात. मी विद्यार्थ्यांना घरचा सातबारा आणायला सांगते आणि त्यावर बाईचं नाव शोधायला लावते. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली हिंदू कुटुंबांतल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला. तरी हक्कसोडपत्रं होतातच. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते, भाऊ साडी घेतो. एका मुलीने आईला विचारलं, तू सही का केलीस? आई म्हणाली, “दिवाळीला जायला दार नको का?” ती मुलगी हे सांगताना रडली, मग तेच वाक्य तिच्या तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला घातलं. शिवांकडे याला काही उत्तर आहे का, हे मात्र प्रामाणिकपणे शोधा. आहे. बियाणं. राखेत ज्वारीचं बी ठेवणाऱ्या बाईचं ज्ञान मालकीच्या कागदात मावत नाही, आणि तिथे शिवा अगरवालांच्या पुढे जातात. ज्याच्याशी भांडायचंय त्याची बाजू इतकी चांगली मांडा की त्यालाही ती आपली वाटावी. मग भांडा.

माळढोक पक्ष्याचं प्रकरण मी एका विद्यार्थ्याला दिलं होतं. नान्नजचं अभयारण्य १९७९चं, तेव्हा कागदावर ८४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेलं. एवढ्या जागेत गावं, शेतं, शेळ्या, सगळंच आलं. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली, वॉरनच्या आधी वर्षभर, त्याच नियतकालिकात अमेरिकी धर्तीच्या वन्य-संरक्षणावर टीका केली होती. माळावर शेळ्या चारणारी बाई आणि पक्षी यांच्यातला पेच त्या टीकेने सुटतो का? पूर्ण नाही, कारण पक्षी जवळजवळ संपलाच. इथे कुणा एकाची बाजू घेऊन सुटका नाही. प्रबंध चांगला झाला, मुलगा आता बँकेत आहे.

गड्ड्याच्या जत्रेबद्दल

सोलापूरच्या विद्यार्थ्याला सिद्धेश्वरांच्या जत्रेचा मोह होणार, हे मी धरून चालते. कुंभारकन्येने सिद्धरामांशी, म्हणजे सिद्धेश्वरांशीच, लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी आपला योगदंड दिला, तिचा विवाह योगदंडाशी झाला. संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. पुढे होम मैदानावर कुंभारकन्येच्या प्रतीकाला अग्नी देतात, आणि मग दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासराच्या वागण्यावरून पावसापाण्याची भाकणूक होते. बाई, जनावर आणि पाऊस एका रात्रीत. सिद्धान्त हातात असलेल्याच्या तोंडाला पाणी सुटतं.

सावकाश. नंदीध्वज पेलणारा माणूस, अक्षता टाकणारी बाई, मानकरी, यांना विचारल्याशिवाय तिथे ‘पितृसत्ता’ हा शब्द टाकू नका. ज्या माणसाने बाराव्या शतकात लोकांना घेऊन तळं खोदलं अशी आख्यायिका आहे, त्याच्या गोष्टीत पाणीही आहे. मी स्वतः दर संक्रांतीला पांढऱ्या बाराबंदीतल्या गर्दीत उभी असते, अक्षता टाकते, आणि घरी येऊन त्या मुलीचा विचार करत बसते. दोन्ही खरं आहे. यावर लिहायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

बायकांकडे जाताना

तत्त्वज्ञानाच्या प्रबंधाला क्षेत्रकाम लागत नाही, असं काही मार्गदर्शक म्हणतात. लागत नाही, पण गेलात तर बिघडत नाही. फक्त प्रश्नावली घेऊन जाऊ नका. मी पहिल्यांदा पाण्याच्या रात्री वही-पेन घेऊन एका चाळीत गेले होते. ‘पाण्याविषयी तुम्हाला काय वाटतं’ असं विचारलं. एक मावशी म्हणाल्या, “मॅडम, ते नंतर लिव्हा. आधी हा पाइप धरा.” पाऊण तास पाइप धरला. वही भिजली. त्या रात्रीनंतर त्या बोलल्या ते मला कुठल्याच प्रश्नावलीतून मिळालं नसतं. नाव छापू का, हे विचारा. नको म्हणाल्या तर गल्लीचंही नाव बदला. आवाज टिपायचा असेल तर फोन लपवून ठेवू नका.

लिहिताना, थोडक्यात

रोज एक पान, सकाळी. संदर्भांची पद्धत विद्यापीठ सांगेल ती पाळा, त्यात बुद्धी घालवू नका. शोधगंगा या संकेतस्थळावर इतरांचे प्रबंध आहेत, रचना बघायला उत्तम, उचलायला नाही. सॉफ्टवेअर पकडतं, आणि नाही पकडलं तर मी पकडते. ‘अनादी काळापासून’ने सुरू होणारं वाक्य खोडा. ‘स्त्री ही अनंत काळची माता’ दिसलं तर मी अख्खं पान परत देते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक आक्षेप घ्या, स्वतःवरच, आणि तो झेपला नाही तर तसं लिहा.

तोंडी परीक्षेत ‘यात तुमचं काय?’ हा प्रश्न हमखास येतो. तिथे वॉरनचं नाव घेऊ नका. पान, दगड, सातबारा, जे तुमचं आहे ते टेबलावर ठेवा आणि कुठला सिद्धान्त त्यापाशी कुठे अडखळला ते दोन वाक्यांत सांगा.

आणि बाइंडिंगला द्यायच्या आधी, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना तो भाग वाचून दाखवा, त्यांच्या भाषेत. मी हे उलट्या क्रमाने केलं. सोनेरी अक्षरांच्या पाच प्रती घरी आणल्या आणि मग अम्मा व तिच्या शेजारणींना तेलुगूतून बिडीचं प्रकरण सांगत बसले. प्लमवुड त्यांनी मान डोलावत ऐकली. मग मी पानं सकाळी भिजवून कापण्याच्या वाक्यावर आले, तर चौघी एकदम बोलायला लागल्या. सकाळी? पान आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं असतं. सकाळी भिजवलं तर त्या दिवसाची मजुरी गेली. “माझ्याच घरात वाढलीस की गं तू,” अम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सात रस्त्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पाच चिठ्ठ्या टाइप करून घेतल्या आणि तिथेच उभ्याने, डिंकाने, पाचही प्रतींत चिकटवल्या : ‘पान ११२, ओळ ९. “सकाळी”ऐवजी “आदल्या रात्री” असे वाचावे.’